तात्यांचे जोडलेले हात

मोबाइलवर तात्यांइतका नम्र माणूस अख्ख्या नागावात नव्हता. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे प्रमुख झाले आणि वाढदिवस असो की तेरावं, कुणी काहीही टाकलं की खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचे. उघडून बघायचेच असं नाही.

तात्यांची नारळाची वाडी होती. गावातली माणसं माडावर चढेनाशी झाली तेव्हा बंगालमधल्या मालद्याहून आलेला सदानंद मिळाला. गावाने त्याचा सदा केला. माडावरून शेजारच्या उघड्या न्हाण्या दिसतात, म्हणून चढण्याआधी हाळी द्यायची, ही इथली रीत. तात्यांनी ती त्याच्याकडून आठवडाभर घोकून घेतली. "माडावर चढतोय हो!" असं तो बंगाली हेलात ओरडायचा आणि बायकामाणसं आत जाईपर्यंत बुंध्याशी मान खाली घालून थांबायचा. चार वर्षांत त्याची हाळी एकदाही चुकली नाही. एकदा तात्यांनी कौतुकाने त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला.

तिथेच माशी शिंकली. निवडणूक तोंडावर होती. प्रचारवाल्यांनी त्यातली हाळी कापली, कमरेला कोयता लावून वर चढलेला सदा तेवढा ठेवला, मागे छातीत धडकी भरवणारं संगीत लावलं आणि वर लिहिलं, 'परका तुमच्या परसात डोकावतोय. अजून किती येऊ देणार?' ते ग्रुपवर आलं. तात्यांनी सवयीने हात जोडले.

संध्याकाळी अनुसूयाबाईंनी नवऱ्यापुढे फोन धरला. "अहो, हा आपला सदा. आणि खाली पहिले हात तुमचे."

मूळ व्हिडिओ तात्यांच्याच फोनमध्ये होता, तो पुन्हा टाकला असता तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण प्रचारवाल्यांचा उमेदवार तात्यांचा जुना विद्यार्थी. "मतदान होऊन जाऊ दे," ते म्हणाले. सहा दिवसांचा तर प्रश्न होता. त्या सहा दिवसांत शेजारच्या नूतनने सदाला आपल्या वाडीत येऊ नको म्हणून सांगितलं, मग बाकीच्यांनी. तात्यांनीच हात जोडलेत म्हटल्यावर कोण कशाला विचार करतंय?

मतदान झाल्यावर तात्यांनी हाळीसकट सगळा व्हिडिओ टाकला, खाली माफीच्या दोन ओळी लिहिल्या. चाळीस जणांनी हात जोडले. उघडून किती जणांनी पाहिलं, देव जाणे. मग त्यांनी सदाला फोन लावला. तो मालद्याला पोचला होता.

"परत ये बाबा. खरं काय ते मी ग्रुपवर सांगितलंय."

सदा म्हणाला, "तात्या, बाकी लोकांचा मी मनावर नाय घेतला. तुमचा हात बघितला, मग निघालो."

तात्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी ग्रुपचं प्रमुखपद सोडलं, पण त्याने काय होतं? आता वाडीत नारळ सुकून आपले आपण पडतात, आणि अनुसूयाबाई परसात जाताना आधी वर बघून घेतात.