उसना रवंथ

मेंढीचं तोंड उघडलं आणि तेलाचा वास आला. दुसरीचं उघडलं, तिसरीचं उघडलं. तोच वास. गोठ्यात चौदा मेंढ्या होत्या आणि एकीचाही जबडा हलत नव्हता. लेंड्यांच्या जागी पातळ, तेलकट शेण. कुडाच्या पलीकडे अकरा कोकरं भुकेनं ओरडत होती.

"काशीबाई, यांना काय पाजलंत?"

"तेल," काशीबाई म्हणाल्या. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या मनातही नव्हतं. "शेंगदान्याचं. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. दूध पातळ पडाले लागलं, मंग अर्धी वाटी वाढवली."

"एकेका मेंढीला? कुणी सांगितलं हे तुम्हाला?"

माझा आवाज चढला होता. काशीबाईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुमीच त सांगतलं, डॉक्टरसाहेब."

बाई खरं बोलत होत्या.

चार राज्यं जोडून नवीन मध्य प्रदेश झाला, त्यानंतरच्या वर्षाची ही गोष्ट. मी बुऱ्हाणपूरला व्हेटर्नरी असिस्टंट सर्जन होतो, म्हणजे गावाच्या भाषेत ढोरांचा डॉक्टर. आमच्या फायली नागपूर सोडून भोपाळला निघाल्या होत्या. चारही राज्यांच्या नोकरांची मिळून एक सीनियॉरिटी लिस्ट होणार होती, तिला सगळे नुसतं 'इंटिग्रेशन' म्हणत. त्या लिस्टमध्ये वर राहायचं तर काम दिसलं पाहिजे. म्हणून मी बाजाराच्या दिवशी गावोगाव व्याख्यानं देत फिरत होतो. महिन्यापूर्वी धूलकोटला दिलेल्या व्याख्यानात मी छाती फुगवून सांगितलं होतं, "मेंढीला सरकी द्या. सरकीत तेल असतं. तेलामुळे दूध वाढतं, दुधाला लोणी चढतं."

काशीबाई पुढच्या रांगेत होत्या. घरी जाऊन त्यांनी आठवडाभर सरकी दिली. दूध खरंच सुधारलं. मग त्यांनी विचार केला, की गुण जर तेलाचा आहे तर मेंढीला सरकी चावायची मेहनत कशाला? त्या तेलघाण्यावर गेल्या आणि तेलच घेऊन आल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांचं नव्हे, माझं.

आता यात बिघडलं काय, ते सांगतो. मेंढीच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे रुमेन. तो पोट कमी आणि आंबवणाचं मडकं जास्त. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. मेंढी नुसती चावते, कडबा पचवतात ते हे जीव. कडबा आंबून जो रस तयार होतो, त्याच्यापासूनच दुधातलं बरंचसं लोणी बनतं. मडक्यात एकदम तेल ओतलं की चाऱ्यावर तेलाचा थर बसतो आणि ते जीव मरायला लागतात. आंबवण थांबतं, रवंथ थांबतो, दूध आटतं. सरकीतही तेल असतंच, पण ते टरफलात बंद. चावता चावता थोडं थोडं बाहेर येतं आणि मडक्याला ते झेपतं. हे सगळं मला पुढे नीट समजलं. त्या दिवशी कॉलेजच्या पुस्तकातली एकच ओळ आठवत होती, की मोकळं तेल पाजू नये, आणि व्याख्यानात मी नेमकी तीच गाळली होती.

एवढ्यात काशीबाईंचे धाकटे दीर नामदेवराव आत आले.

"तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटनं आलं," ते म्हणाले. "डॉक्टरसाहेब, तुमीच समजवा वहिनीले. इतवाऱ्याचा व्यापारी येत्या बाजाराच्या दिवशी येनार हाये. कोकरं मरतीन, मेंढ्या मरतीन. त्याच्यापेक्षा आता त्याच्या गाडीत घातलेल्या बऱ्या."

इतवारा म्हणजे बुऱ्हाणपूरचा कसायांचा मोहल्ला, आणि व्यापारी म्हणजे कसायाचा दलाल. काशीबाईंनी पदर तोंडाशी धरला. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात शेत दिराचं, बैल दिराचे, कापूस दिराचा. या चौदा मेंढ्या तेवढ्या त्यांच्या.

"बाजार कधी आहे?" मी विचारलं.

"सहा दिवसांनी."

"मग सहा दिवस थांबा."

नामदेवराव वाईट माणूस नव्हते. कोकरांचं ओरडणं त्यांनाही ऐकवत नव्हतं. "पन सातवा नाई," एवढं बजावून ते निघून गेले.

मी तेल बंद केलं. पेंड, दाणा सगळं बंद. फक्त ज्वारीचा कडबा आणि पाण्यात थोडा खायचा सोडा. पण मडक्यातले जीवच मेलेले असतील तर नुसता कडबा घालून काय उपयोग? विरजण संपलं की शेजारणीकडून आणावं लागतं. तसे निरोगी जनावराच्या पोटातले जीव आणून यांच्या पोटात घालायला हवे होते. मला एकच मार्ग ठाऊक होता. मी म्हणालो, "उद्या मी इतवाऱ्यातून नुकत्याच कापलेल्या बोकडाच्या पोटातलं पाणी गाळून आणतो. ते पाजू."

काशीबाई ताडकन उभ्या राहिल्या. "नाई. ज्या दारात जाऊ नये म्हून मी धडपडू राह्यली, त्याच दारातून दवा आनता? मेंढ्या मेल्या तरी चालतीन."

मला राग आला. शास्त्राला सोवळं-ओवळं नसतं, असं काहीसं बोललोही. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "ज्याच्यापासून मेंढ्या घेतल्या, त्याले इचारू. भिकाजीबाबाचा वाडा नाल्यापाशी उतरलेला हाये."

वाडा म्हणजे धनगराच्या मेंढरांचा कळप. भिकाजीबाबा सत्तरीचे. त्यांनी काशीबाईंची हकिगत ऐकली, माझी टोपी पाहिली आणि विचारलं, "तेल कुनी सांगतलं?"

"मी," मी म्हणालो. काशीबाईंनी सांगण्यापेक्षा ते बरं.

बाबा हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "रवंथ उसना घ्या लागीन," ते म्हणाले. "दुपारी मेंढरं बसली का या. बिमार मेंढ्या हितंच घेऊन या."

दुपारी बाबांची मेंढरं बाभळीखाली बसली आणि निवांत चावू लागली. बाबा एका मेंढीशेजारी उकिडवे बसले. डाव्या हातानं गाल दाबला, उजव्या हाताची दोन बोटं दाढेच्या पुढच्या मोकळ्या जागेतून आत घातली आणि चावलेला हिरवा घास अलगद बाहेर काढला. ओला, गरम. तो तसाच आमच्या मेंढीच्या जिभेवर ठेवला आणि तिचं तोंड मिटून धरलं. ती गिळेपर्यंत बाबा तिच्याशी काहीतरी पुटपुटत होते.

मी थक्क झालो. मी थर्मास आणि गाळणं घेऊन जे करायला निघालो होतो तेच हे, आणि त्यात जनावर कापायची गरज नव्हती.

"आता तुमी," बाबा म्हणाले.

बाबांच्या पहिल्या मेंढीनं मी बोटं घालायच्या आत घास गिळून टाकला. दुसरीनंही. तिसरीनं माझं बोट चावलं. डिग्रीचा माणूस रक्त चोखत बसलेला पाहून काशीबाई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या आणि स्वतः पुढे झाल्या. त्यांचा हात लहान, दुसऱ्याच खेपेला जमलं. चौदा मेंढ्या, रोज दोन वेळा. मधल्या वेळात त्या गाईचं दूध कापसाच्या बोळ्यानं कोकरांच्या तोंडात पिळत.

तिसऱ्या दिवशी मी बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात खंडव्याच्या जिल्हा साहेबांना तोंड देत होतो. दुबे साहेब दुसऱ्या राज्यातून आमच्यात आलेले, नव्या लिस्टचे कागद त्यांच्याच हातात. इन्स्पेक्शनला आले आणि त्यांनी केस रजिस्टर उघडलं. कारणाचा रकाना मी कोरा ठेवला होता.

"कॉज खाली क्यों है?"

मी सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"लिख दो, ओनर की लापरवाही. बात खतम. अपना नाम क्यों खराब करते हो? लिस्ट बन रही है."

"सर, बाईंनी मी सांगितलं तेच केलं."

"सोच लो," ते म्हणाले आणि रजिस्टर बंद केलं.

मी दोन दिवस विचार केला. खोटं सांगत नाही, मोह झाला होता.

पाचव्या दिवशी बसनं धूलकोटला पोचलो, तर नामदेवराव गोठ्याच्या दारात उभे. त्यांनी मला हातानंच थांबवलं. आत नऊ मेंढ्या डोळे मिटून रवंथ करत होत्या. उरलेल्या पाच कडबा ओढत होत्या. एका मेंढीखाली दोन कोकरं ढुशा देत होती. दूध अजून पुरं उतरलेलं नव्हतं, पण येत होतं. अशक्त झालेलं एक कोकरू गेलं होतं. दहा वाचली.

"व्यापाऱ्याले निरोप धाडला," नामदेवराव पुटपुटले. "म्हटलं, येऊ नको."

काशीबाईंनी ऐकलं असावं. त्यांची पाठ आमच्याकडे होती आणि त्या डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले. मी मेंढीचं पोट तपासायचं निमित्त करून खाली वाकलो.

बुऱ्हाणपूरला परतल्यावर मी रकाना भरला: 'सल्ला अपुरा. सल्ला देणारा, निम्नस्वाक्षरीकार.' म्हणजे खाली सही करणारा मी. उपचाराच्या रकान्यात भिकाजीबाबांचं नाव लिहिलं. पुढच्या इन्स्पेक्शनला दुबे साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"हमारे स्टेट में ऐसा कोई नहीं लिखता था."

"आमच्याही नाही, सर."

त्यांनी सही केली. ती पाहून मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढे नोकरीत मी बरीच व्याख्यानं दिली. फरक एवढाच केला, की बोलून झालं की निघून जात नाही. समोरच्याला म्हणतो, "आता घरी जाऊन काय कराल, ते मला सांगा." निम्म्या वेळा ते ऐकून मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.