जुना शब्द

नादियाचं लक्ष सकाळपासून घराकडे होतं. मम्मीला पहाटे चक्कर आली होती, तरी "तू जा गं कामाला" म्हणत तिनं हिला घराबाहेर काढलंच. आता अंधेरीच्या ऑफिसात मोबाइल नियमाप्रमाणे दाराशी लॉकरमध्ये, आणि नादिया स्क्रीनसमोर.

तिचं काम पहारेकऱ्याचं. वेगवेगळ्या लॅबच्या कॉम्प्युटरवरून हॉस्पिटलकडे जाणाऱ्या प्रत्येक मेसेजनं आधी आपली किल्ली, म्हणजे गुप्त कोड, दाखवायची. ओळख पटली तर पुढे, नाहीतर परत. एका लॅबचे मेसेज आज सारखे परत जात होते. तिथला मुकुल फोनवर काकुळतीला आला. "मॅडम, कालपर्यंत हीच किल्ली चालत होती ना!"

"कालच मुदत संपली तिची. जुनी चालणार नाही!" ती खेकसली, फोन ठेवला आणि ऑफिसच्या त्याच फोनवरून तिनं बोरिवलीला घरचा नंबर फिरवला.

"मम्मी, बरी आहेस ना?"

"कोण बोलतंय?"

"अगं, मी नादिया!"

"शब्द सांग."

आवाजाची नक्कल करून फसवणारे फार झालेत, म्हणून हा घरचा गुप्त शब्द नादियानंच ठरवला होता. "सुके बोंबील!"

"तो जुना."

खरंच की! रविवारी चर्चमधून येताना तिनंच बदलला होता. नवा मोबाइलमध्ये लिहिलेला, आणि मोबाइल लॉकरमध्ये.

"मम्मी, आवाज ओळख ना माझा! चक्कर थांबली का, एवढंच सांग!"

"माझ्या पोरीनं बजावलंय, जुना चालणार नाही," मम्मीनं ठणकावलं. "आणि ती असती ना, तर विसरली नसती."