घास गिळेपर्यंत गप्प

"स्ट्रोक आहे," डॉक्टर म्हणाले. "हातपाय हळूहळू सुधारतील. आत्ता मला काळजी आहे ती गिळण्याची."

ह्यांचा उजवा हात लुळा पडला होता, तोंड वाकडं झालं होतं, आणि डॉक्टरांना गिळण्याची पडली होती! मला त्यांचा रागच आला.

तुमच्या घरी कुणावर ही वेळ आली तर लक्षात ठेवा. डिस्फेजिया म्हणजे गिळायला होणारा त्रास. घास श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो. साधं पाणी सगळ्यात धोक्याचं, कारण ते सटकन घशाखाली जातं. म्हणून ह्यांच्या चहात घट्ट करणारी पावडर घालायची आणि जेवण वाटून द्यायचं ठरलं. आठवड्याभरात पुरेसं पोटात गेलं नाही, तर पोटात नळी घालून अन्न द्यावं लागणार होतं. ती नळी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

इथल्या विलायती हॉस्पिटलचे वाटलेले वाटाणे बघून ह्यांनी तोंड फिरवलं. वॉर्डातल्या नर्सने, ग्रेसने, मला विचारलं, "घरी काय आवडीनं खातात?"

मी मुगाचं वरण आणि मऊ भात सांगितला. ती म्हणाली, "एकत्र वाटा, गाळा, चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट ठेवा. आणि तूप सढळ हाताने घाला. थोड्या घासांतून जास्त ताकद मिळायला हवी." पुण्याहून फोनवर जाऊबाईंनी शहाळ्याचं पाणी सुचवलं होतं, तेही विचारून घेतलं. "नो, लव्ह," एवढंच ग्रेसचं उत्तर आलं; तेही पाण्यासारखंच पातळ.

मी रोज स्लाऊच्या घरून हॉस्पिटलात डबा न्यायला लागले. हे खायचे, पण मध्येच ठसका लागायचा, चेहरा लाल व्हायचा. पुढचा घास चमच्यातच राहायचा.

एके दुपारी ब्रिस्टलहून नणंद आली. आमच्याकडे आग्रहाशिवाय कोण जेवतं? "दादा, एक घास माझ्यासाठी!" "अहो, तूप जास्त झालं का?" आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी चालू. ह्यांना पुन्हा जोरात ठसका लागला.

ग्रेस पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिने ह्यांना पुढे वाकवलं, श्वास पुन्हा नीट चालू होईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "मिसेस जोशी, ही इज बीइंग पोलाइट. तोंडात घास असताना ते तुम्हाला उत्तर देताहेत."

खरंच होतं. प्रत्येक प्रश्नाला हे "हं" म्हणत होते.

तिने पडदा ओढला. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, अर्धा चमचा, गिळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आयुष्यभर वाढताना तोंड चालवलेल्या बाईला गप्प बसणं किती जड जातं, ते मलाच ठाऊक. नणंद तर पदर तोंडाशी धरून बसली. पण त्या दिवशी ठसका लागला नाही.

आठवडा संपला. तपासून डॉक्टर म्हणाले, "नळीची गरज दिसत नाही." मी ग्रेसचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडले. औषधांइतकंच घास कसा द्यावा हेही शिकावं लागतं, हे मला तिच्यामुळे कळलं.

घरी आल्यावरही मी तोंड मिटून वाढत असे. एकदा ह्यांनी शेवटचा घास गिळला, नीट थांबले, आणि अडखळत, पण स्पष्ट म्हणाले,

"आता विचार की, अजून वाढू का म्हणून."