बुडालेल्या गावात चक्कर

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतकं बेळगाव-निपाणी पट्ट्यात कुणीच हिंडलं नसेल, आणि तेही एका बुडालेल्या गावाची वेस न ओलांडता. त्यांच्या लहानपणी गाव धरणात गेलं. पुढे कमावते झाल्यावर सुट्टी मिळाली की मामा त्या पाण्यावर शिडाची होडी घेऊन फिरायचे. मासे धरायचे नाहीत, भाड्यानं माणसं न्यायची नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "हौस हाय रं. गावात चक्कर मारून येतो." शीड त्यांनी निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या जुन्या ताडपत्रीचं शिवलं होतं. ते उभारलं की होडीतला माणूस आधी शिंकायचा आणि मग देवाचं नाव घ्यायचा.

कारण मामा सरळ जायचेच नाहीत. उघड्या पाण्यात, जिथे आडवी काडीही नसायची, तिथे ते वळणं घ्यायचे. "पाटलाच्या परड्यातनं कसं जायाचं? कुत्रं हाय." मारुतीचं देऊळ आलं की शीड उतरवायचे, चपला काढायचे. एका ठिकाणी वाकून हाक मारायचे, "काशाक्का, हाय का घरात?" ही काशाक्का म्हणजे गाव उठायच्या आधीच वारलेली शेजारीण. जरा वेळानं खालून बुडबुडे यायचे. मामा मान डोलवायचे. "भाकऱ्या थापत्या म्हणं. थांबूया." मी कधीमधी सोबत असलो की आम्ही थांबायचो. मी हसायचो, पण पाण्यातला हात काढून घ्यायचो.

मामांनी ऐंशी ओलांडली, नजर मंदावली, तशी बायको माझ्यामागे लागली. "एक दिवस पाण्यातच राहतील ते. तुम्हीच काहीतरी करा." मी होडीचं सुकाणू काढून आमच्या माळ्यावर लपवलं आणि चोरीला गेलं म्हणून सांगितलं. मामा एवढंच म्हणाले, "व्हय?" त्यानंतर ते काठावर बांधलेल्या होडीत नुसते बसून राहत. जेवण तुटलं. मला सगळं दिसत होतं आणि मी गप्प होतो. गप्प बसणं मला फार सहज जमतं.

उन्हाळ्यात पाणी हटलं, गाव उघडं पडलं. मनाला टोचत होतं म्हणून मीच त्यांना चालत घेऊन गेलो. जोत्यांच्या रांगांत मामा चक्क चुकले. "जमिनीवरनं न्हाय गावत वो," म्हणाले, आणि प्रथमच मला ते घाबरलेले दिसले. मग त्यांनी डोळे मिटले, हात मागे नेऊन नसलेल्या सुकाणूचा दांडा धरला, आणि भेगाळलेल्या चिखलातून वळणं घेत थेट आपल्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. शेजारच्या जोत्यात चुलीचे तीन दगड होते. मी हात लावला. ऊब होती. उन्हाची असेल.

उंबऱ्यावर टेकत मामा म्हणाले, "पावनं, तुमच्या माळ्यावर वाळवी लई. सुकाणूला तेल तेवढं लावून ठेवा."

पाणी भरलं तसं मीच ते बसवलं. बायको अजून धुसफुसते. आता प्रत्येक फेरीला मी सोबत असतो. मामांना वाकवत नाही, त्यामुळे हाक मी मारतो. परवा मारली, तर बुडबुडे आलेच नाहीत. मामांचा चेहरा पडला. आणि मग चारी बाजूंना नुसतं पाणी असताना भाजत्या भाकरीचा वास आला.

"थांबूया," मी म्हणालो.