नालबंद चाचांनी अंगावर घेतलेली चूक

नालबंद चाचा आधी घोड्याला सलाम करायचे, मग मालकाला, आणि वेळ उरलाच तर आम्हा डॉक्टरांना. झोटवाड्यातल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात ते नाल ठोकायला यायचे. मला सुरुवातीला जाम राग यायचा. एवढं शिकून मिरजेहून इतक्या लांब उत्तरेत आले, आणि हे म्हातारबाबा माझ्याकडे बघतही नाहीत!

पहिल्याच आठवड्यात वरातीची एक पांढरी घोडी आली. पुढचा उजवा पाय टेकवत नव्हती. संध्याकाळी लग्न, मालक घाईला आलेला. मी खांदा चाचपला, मुरगळलाय असं ठरवलं आणि दुखणं थांबवायचं इंजेक्शन भरलं. तेवढ्यात चाचा कानाशी पुटपुटले, "बेटी, हाथ नीचे ला." त्यांनी माझा हात खुरावर ठेवला. अगं बाई, चांगलाच तापलेला! दुसरा खूर मात्र गार. खुराच्या वर, मागच्या बाजूला बोटं दाबली, तर नाडी थाडथाड उडत होती. आत पू झाला होता. इंजेक्शन दिलं असतं, तर ती बिचारी त्याच पायावर वरातभर नाचली असती.

खुरात पू आहे, घोडी आज जाणार नाही, असं सांगितल्यावर मालक खवळला. "किसने बोला खुर में है?" अख्खा दवाखाना बघत होता. चाचा नाल उचकटता उचकटता म्हणाले, "डॉक्टरसाहिबा ने पकड़ा. मैं तो कंधा समझ रहा था."

मी तोंड उघडलं, तर चाचांनी माझ्यावरच डोळे वटारले. मग त्यांनी तळवा जरासा कोरला आणि काळा, घाणेरडा पू बाहेर आला. रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाय, वर पट्टी, खाली कोरडी जमीन. आठवड्याभरात घोडी नीट चालू लागली. मालक मला वाकून नमस्कार करून गेला, आणि मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

पुढे चाचांनीच मला खूर शिकवले, तेही करवादत. तबेला ओला दिसला की मालकावर ओरडायचे, "खुद गीले मोज़े में सो के देख!" फार जीव लावला त्या माणसाने.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. काही दिवसांनी त्यांचा मुलगा एक लंगडा घोडा घेऊन आला, तो मोठ्या डॉक्टरांना ओलांडून थेट माझ्याकडे. "अब्बा कह गए, खुर का मामला हो तो मराठी डॉक्टरसाहिबा. एक बार वो खुद चूक गए थे, आपने पकड़ा था."

म्हणजे घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं! मला राहवेना. सगळ्यांदेखत सांगून टाकलं, भैया, चुकले होते मी, पकडलं तुमच्या अब्बांनी.

 तो म्हणाला, "घर में हम इसी बात पे उनको चिढ़ाते थे, मैडम. आख़िर तक."