शनीचं कडं यंदा रेघच आहे

उर्वशीने माफी मागायची की नाही, एवढाच प्रश्न होता. मी तिची आई. पहिला दिवसभर मी तिच्या विरुद्ध बाजूला होते, हे आधीच सांगून टाकते.

उर्वशी सव्वीस वर्षांची आहे. दिग्रसच्या एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. म्हणजे संस्थेचे सचिव म्हणतील तोवर शिकवायचं, नको म्हणाले की घरी. तिचे बाबा राजदीप एसटीत चालक. ते मुक्कामी गाडीवर गेले की घरात आम्ही दोघीच. त्यामुळे तिची काळजी करण्याचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी कधी चुकवलं नाही.

तिची दुर्बीण विकत आणलेली नाही. कॉलेजात असताना तिने काच घासून दुर्बिणीचा आरसा करायची रीत कुठेतरी वाचली आणि थेट जफरभाईंकडे गेली. जफरभाई कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. जन्मभर लोखंड घासलेलं, काच कधी नाही. तरी त्यांनी आपल्या वर्कशॉपच्या अंगणात वाळूने भरलेला ड्रम उभा करून दिला. ड्रमवर एक जाड काच, तिच्यावर दुसरी, मध्ये पाणी आणि खरखरीत पूड. वरची काच पुढेमागे सरकवायची आणि थोड्या थोड्या वेळाने ड्रमभोवती एक पाऊल सरकायचं. साडेतीन महिने हेच. मी रोज संध्याकाळी तिथे बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलायची, कारण लोक काय म्हणतील याची मला धास्ती.

“ताई, पोरगी काच घासून राह्यली, पळून नाही चालली,” जफरभाई म्हणायचे. “आन् पळालीच तं या ड्रमाभवतीच पळन.”

शेवटच्या टप्प्यावर बारीक पुडीत जाड पुडीचा एक कण राहून गेला. बादली नीट धुतली नव्हती. आरशावर लांब ओरखडा उमटला. जफरभाई म्हणाले, “राहू दे, लांबून कोणाले दिसते?” उर्वशीने बादली तीनदा धुतली आणि मागच्या जाड पुडीपासून पुन्हा सुरुवात केली. अजून सात आठवडे गेले. पोरगी कशी आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

या नोव्हेंबरात एका मराठी वाहिनीने आकाशदर्शनाचा तासाभराचा थेट कार्यक्रम ठेवला. चार गावांतल्या दुर्बिणी दाखवणार होते, त्यात दिग्रसची एक. हौशी आकाशनिरीक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर दिवाळी चालली होती. संस्थेचे सचिव देवीलाल सर यांनी शाळेचं मैदान दिलं, स्वतःसाठी कोट शिवून घेतला.

शनिवारी संध्याकाळी मी घरीच टीव्हीसमोर बसले. शेजारच्या वच्छलाबाई आल्या होत्या. पावणेआठला दिग्रस आलं. उर्वशी दुर्बिणीजवळ उभी, ओढणी कमरेला खोचलेली. मग पडदाभर शनी आला. सोनेरी गोळा, भोवती रुंद, झगमगीत कडं. खाली अक्षरं: दिग्रसच्या दुर्बिणीतून थेट.

“अवो माय! कौसल्या, पोरीनं शनी घरात आणला तुह्या!” वच्छलाबाईंनी हात जोडले. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात उर्वशीचा आवाज आला. “हे चित्र आमच्या दुर्बिणीतलं नाही. आजचंही नाही. शनीचं कडं यंदा आपल्याकडे धारेवर आहे, ताट डोळ्यासमोर आडवं धरल्यासारखं, म्हणून ते रेघेसारखं दिसतं. पंधराएक वर्षांतून एकदा असं होतं. ते दाखवा ना, जुना फोटो कशाला?”

शेजारी उभा वाहिनीचा वार्ताहर कसनुसा हसला. पडद्यावर लगेच पुण्याचा स्टुडिओ आला.

झालं होतं असं, की वार्ताहराने आधी दुर्बिणीतून पाहिलं आणि विचारलं, “मॅडम, रिंग कुठे आहे?” तिने रेघ दाखवली. “एवढीशी? लोक चॅनल बदलतील,” असं म्हणून त्याने मोबाइलवरचा फोटो पुढे धाडला. तिने तेव्हाच नको म्हटलं होतं. त्याला वाटलं, कॅमेरा सुरू झाल्यावर गावातली पोरगी काय बोलणार?

ग्रुपवर रात्रीतून दोनशे निरोप. “टीव्हीवाले पहिल्यांदा आपल्याकडे आले होते, आता कोण येईल?” “खाजगीत सांगता आलं असतं.” “लोकांना गोडी लागणं महत्त्वाचं, फोटो कोणता का असेना.” ग्रुपचे प्रमुख भावसिंग सर यांनी लिहिलं, “उर्वशी, ग्रुपच्या वतीने दिलगिरी व्यक्त कर.” ज्यांच्या घरी आम्ही जेवलो होतो, त्यांनीही त्याखाली जोडल्या हातांची खूण टाकली.

रविवारी सकाळी देवीलाल सर आमच्या दारात. चहा घेतला नाही. “उद्या अकरापर्यंत लेखी माफी पाह्यजे. चित्र बरोबर होतं, बोलण्यात चूक झाली, एवढंच लिहायचं. नाही तं तासिका बंद.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही बीए आहात. पोरीकडून लिहून घ्या. शनिवारी शनीले खोटं पाडलं, साडेसाती लागन घराले.”

“सर, आमच्याकडे साडेसाती नाही येत,” उर्वशी म्हणाली. “बाबासाहेबांनी दार लावून घेतलं आहे.”

ते गेल्यावर मी तिला खूप बोलले. बोलू नये तेही बोलले. “तुले कायचा तोरा आहे एवढा? दोन वाक्यं लिहिली तं हात झडन काय?”

“मले नाही लिहिता येत, आई. तुले येत असन तं तू लिही.”

मग मीच बसले. माझं अक्षर चांगलं आहे, अर्ज-विनंत्या सगळ्या गल्लीला मीच लिहून देते. ‘मा. सचिव महोदय’ लिहिलं. ‘वाहिनीने दाखवलेले चित्र बरोबर होते’ इथे पेन थांबला. बरोबर होतं की नव्हतं, हे मला कुठे माहीत होतं? सहा वर्षं मी त्या दुर्बिणीशेजारी राखण करत बसले. डोळा लावला तो एकदाच, चंद्र पाहायला. बाकी वेळ माझी नजर रस्त्यावर, कोण येतंय कोण जातंय.

सात वाजता मी गच्चीवर गेले. म्हटलं, “दाखव.”

तिने दुर्बीण वळवली. आधी नुसतं थरथरणारं पाणी दिसलं. मग ते शांत झालं. छोटा पिवळट मणी आणि त्याच्यातून आरपार गेलेली बारीक सुई. टीव्हीवरच्या मानाने काहीच नाही. पण ते हलत होतं, तिथे होतं. मी बाजूला झाले, पुन्हा पाहिलं. सुईच होती.

“आता?” उर्वशीने विचारलं.

“आता कागद दे मले.”

ग्रुपवरची ही मंडळी दुर्बिणीला डोळा लावून जे दिसेल ते पेन्सिलने काढतात आणि खाली वेळ, ठिकाण, सही करतात. राळेगावच्या कोकिळाताईंनी आदल्या रात्री काढलेलं आपलं चित्र दुपारीच ग्रुपवर टाकलं होतं: गोळा आणि आडवी रेघ, खाली लिहिलं होतं, ‘उर्वशीचं बरोबर आहे. ज्याला वाद घालायचा त्याने आपलं चित्र टाकावं.’ संध्याकाळपर्यंत आणखी नऊ चित्रं आली. सगळ्यांत रेघ. भावसिंग सरांनी चित्र टाकलं नाही, पण दिलगिरीचा विषयही पुन्हा काढला नाही. मी वाटी ठेवून गोळा काढला, पट्टीने रेघ ओढली आणि खाली सही केली: सौ. कौसल्या, बी.ए.

सोमवारी आम्ही दोघी संस्थेच्या ऑफिसात गेलो. देवीलाल सरांनी कागद उलटून पालटून पाहिला.

“हे काय? माफी कुठी आहे?”

“नाही आहे,” मी म्हणाले. “मी पाह्यलं, ते काढलं. तुम्ही या गच्चीवर, तुमचंही काढून घ्या.”

“म्हणजे तासिका नको आहेत तुमच्या पोरीले.”

“पाह्यजे आहेत,” उर्वशी म्हणाली. “पण त्या वाक्यावर नाही.” तिने पर्समधून नववीचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. “सर, प्रकाशाचा धडा निम्मा झाला आहे. आरशाचे प्रयोग राह्यले. माझ्या जागी जो येईन त्याले सांगजा, पोरायले चित्रं दाखवू नको, आरसा हातात दे.”

सरांनी हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल रेघ मारली. आम्ही बाहेर आलो. पुढे काय, हे मला माहीत नाही. पण तो कागद मी परत मागितला नाही.