अबू फिदाचा स्टँड

सल्तचा अबू फिदा जॉर्डनमधल्या आमच्या सिंक्रोट्रॉनवर ड्राफ्ट्समन. बाप गवंडी होता, त्यामुळे याने काढलेली प्रत्येक वस्तू किल्ल्याच्या तटासारखी दणकट. आम्ही शिकलेसवरलेले त्याच्याशी वाद घालायचो आणि हरलो की निमूट जेवायला जायचो.

या यंत्रात इलेक्ट्रॉन भन्नाट वेगाने गोल फिरतात आणि वळणावर प्रकाश फेकतात. त्यातला सौम्य प्रकाश आरशाने बाजूला वळवून स्फटिकांवर सोडायचा, म्हणजे त्यांच्या पोटात काय चाललंय ते कळतं. आरसा जरा थरथरला तरी मोजणीचा चिखल. आणि आमचा आरसा थरथरत होता.

"आरशाचा स्टँड भिकार आहे," अंकाराहून नुकत्याच आलेल्या आमच्या नव्या प्रमुख नुरजान मॅडम म्हणाल्या. "बाहेरून मागवू."

अबू फिदाने त्या स्टँडमध्ये अकरा महिने घातले होते. तो मला घेऊन थेट त्यांच्या केबिनमध्ये घुसला. कॉफी आली. त्याने कपाला तोंड न लावता तो समोर ठेवून दिला. आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: मागणी मान्य करा, मगच पितो. मॅडमना काय कळणार! त्यांनी चहा मागवला. तोही तसाच. मग डाळिंबाचा रस.

"यांचं पोट बिघडलंय का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो मॅडम, काहीतरी मागायला आलेत."

"मग तोंडाने मागा की!"

"दोन दिवस द्या," अबू फिदा म्हणाला. "आरसा गार ठेवणारा पाण्याचा पाईप स्टँडला बांधलाय. तो सोडून वेगळ्या खांबावर टाकतो. मग मोजा."

"दिले! प्या आता एकदाचं."

पठ्ठ्याने तिन्ही संपवली. मला घोटभरही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोजलं. थरथर गायब. आम्ही टाळ्या पिटल्या. मॅडमही खूश झाल्या, पण खोट काढल्याशिवाय त्यांना चैन कुठली?

"पाईप स्टँडला बांधायची अक्कल कुणाची?"

पाईपचं ड्रॉइंग आमच्यापैकी कुणी उघडूनही बघितलं नव्हतं. अबू फिदा गप्प बसला असता, तर सगळं पाणी सोडणाऱ्या पंपवाल्यांच्या नावावर खपलं असतं. मी तर मनातल्या मनात पंपवाल्यांना शिव्याही घातल्या होत्या.

"माझी," तो म्हणाला. "थरथर त्या पाईपचीच, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. स्टँड राहू दे मॅडम, हवा तर ड्राफ्ट्समन बाहेरून मागवा."